रांगोळीच्या रेघा
रॉकेलचा वास आला की चामराजपेटेतली आमची ओसरी आठवते. बाबांनी विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाची जुनी, दोनच सीटची स्पोर्ट्स कार घेतली होती. आयुष्यात पहिल्यांदाच इंजिन खोलून, प्रत्येक भाग रॉकेलने धुऊन, त्यांनी काढल्या क्रमाने ओसरीवर मांडला होता. आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या दिवशी ते कारखान्यातून आले, तर ओसरी रिकामी! सगळे भाग देवापुढच्या परातीत, हळदकुंकू लावून. "आता कुठलं कुठे जोडू?" म्हणत बाबा ओसरीच्या उंबऱ्यावरच बसले. "अहो, स्वल्प खाली बघा तरी," आई तिच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाली. उचलण्याआधी तिने प्रत्येक भागाभोवती रांगोळीची रेघ ओढून ठेवली होती. गाडी पुढे किती पळाली, ते मी विसरले. पण शेवटचा नट बसेपर्यंत त्या रांगोळीला वळसा घालून चालणारे बाबा अजून दिसतात.