चैत्रातला बर्फ आणि खाटेएवढा राब

अमेरिकेला जायला मी आमच्या पोशेऱ्याहून निघालो त्या सकाळी जीपमध्ये बसून रडलो, असे पाड्यावर अजूनही सांगितले जाते. ते खरे नाही. मोखाड्याच्या रस्त्याची धूळ डोळ्यांत गेली होती, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. एका हातात पासपोर्टची पिशवी होती आणि दुसऱ्यात माझ्या धाकट्या भावाने, काशिनाथने, कोंबलेली नागलीच्या पिठाची पुरचुंडी. जीपचे दार लावताना तो एवढेच म्हणाला, "दादा, राबाला ये." मी होय म्हणालो. पुढचे सारे वाद त्या एका होकारावरून झाले, म्हणून तो प्रथम नोंदवतो.

पाडा सोडून ठाण्या-नाशिकला गेलेल्यांच्या मुलांना राब ठाऊक नसेल. ज्या वाफ्यात पावसाळ्याच्या तोंडी भात-नागलीचे बी टाकायचे, त्यावर चैत्रात शेण, फांद्या, पालापाचोळा रचून तो भाजतात. आमचे वडील म्हणत, "राबाला पहिला विस्तव थोरल्याचा. थोरला आला नाही, तर घर फुटलं समजा." शिक्षकाच्या नोकरीत माझ्या बदल्या जव्हार तालुक्यात कुठेकुठे झाल्या, परंतु राबाला मी एकदाही चुकलो नाही. पत्नी गेल्यावर मुलगा विलास मला अमेरिकेत ऑस्टिनला घेऊन आला, तेव्हाही चैत्रात मला पाठवायचे हे त्याच्याकडून कबूल करून घेतले होते.

ऑस्टिनबद्दल माझी तक्रार नाही. इथे पाणी दोन मजले चढून येते. आमच्याकडच्या सूर्यमाळच्या डोंगरावरून बाया वैशाखात हंडाभर पाण्यासाठी किती उतरतात हे पाहिलेल्या माणसाने त्याला नावे ठेवू नयेत. मात्र पहिल्याच आठवड्यात मी नागलीची भाकरी थेट जाळावर शेकली आणि छतावरचा स्मोक अलार्म असा किंचाळला की शेजारचे लोक पार्किंगमध्ये जमले. ज्या घरात धूर हा अपराध आहे, त्या घरात मी तेव्हापासून जपून राहतो.

या वर्षी काशिनाथने राबासाठी हनुमान जयंतीनंतरचा रविवार धरला होता. माझे विमान बुधवारचे, शिकागोत बदलून पुढे जाणारे. शुक्रवारी मी मुंबईत उतरणार होतो. बुधवारी सकाळी विलास फोन हातात घेऊन आला.

"बाबा, शिकागोला बर्फाचं वादळ आहे. फ्लाइट कॅन्सल झाली."

मी खिडकीबाहेर पाहिले. आकाश निरभ्र होते. समोरचा गृहस्थ अर्ध्या चड्डीत गवताला पाणी घालत होता. आता माझ्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता? "तुमचा गुडघा बघा, उन्हाळ्यात कशाला जाता," असे विलास महिनाभर म्हणत होता. मुलाला बाप घरात ठेवायचा असला की त्याला बर्फसुद्धा सापडतो, असे मला वाटले, आणि मी त्याला तसे तोंडावर सांगितले. मग त्याला गाडी काढायला लावून विमानतळावर गेलो.

तिथल्या फलकावर ओळीने 'रद्द' लिहिलेले होते. मी विचारले, "वादळ तिकडे आहे ना? मग इकडचं विमान का उडत नाही?"

"बाबा, आपलं विमान तिकडूनच यायचं होतं," विलास म्हणाला.

तिकिटाच्या खिडकीवरच्या बाईने त्याच संध्याकाळी दुसऱ्या शहरावरून जाणारी जागा देऊ केली. मी नाकारली. बाहेर लख्ख ऊन असताना ही बाई आणि माझा मुलगा मिळून मला भलतीकडे पाठवत आहेत, असा माझा संशय होता. मला माझेच विमान हवे होते. दुसरी जागा निघाली ती थेट शनिवारची, पुन्हा शिकागोवरूनच. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर विलासने लिहिले, "बाबांच्या हट्टामुळे तीन दिवस गेले." दुरुस्ती: अडीच दिवस.

शनिवारी शिकागोत उतरलो आणि बर्फ पाहिला. काचेपलीकडे तो आडवा उडत होता. उंच पाळण्यात उभे राहून माणसे विमानाच्या पंखांवरचा बर्फ उतरवायला नारिंगी पाणी मारत होती, बैल धुवावा तसे. फरशीवर लोक कोट अंथरून बसले होते. माझ्याशेजारच्या म्हातारीने सांगितले की ती नातीच्या लग्नाला निघाली होती आणि ते लग्न काल झाले. तिने तरी हे वादळ रचले नसावे.

मी काशिनाथला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन काचेकडे धरला. तो रेंजसाठी टेकाडावर चढला होता, बरोबर त्याची बायको यशोदा. ती फोन डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, "भाऊजी, एवढा राब कोणी भाजला?"

तिला ती राख वाटली. मी तिला हसलो नाही, कारण मलाही क्षणभर तसेच वाटले होते.

काशिनाथ मात्र म्हणाला, "दादा, चैतात कुठं बरफ पडतो? टीव्हीपुढं फोन धरलास का? यायचं नसंल तर सरळ सांग." आणि मग, "तुझ्यासाठी थांबलो असतो, पण सूर्यमाळकडं ढग आलेत. पाला भिजला तर बी कशात टाकू? मी उद्या सकाळी लावतो."

म्हणजे पाहा. चैत्रातला अवकाळी पाऊस त्याला पटत होता, चैत्रातला अवकाळी बर्फ पटत नव्हता. हा न्याय कुठला? मी हे त्याला विचारणार होतो, इतक्यात रेंज गेली. मागून माझ्या ध्यानात आले की हाच प्रश्न विलासने मला विचारायला हवा होता. त्याने विचारला नाही. का, ते मला कळलेले नाही.

सोमवारी दुपारी मी पोशेऱ्याला पोचलो. ओट्यावर दोघे-तिघे बसले होते. "आले अमेरिकावाले, बरफ वितळला वाटतं," एक म्हणाला. मी थांबलो नाही, तसाच शेतावर गेलो. राब काळा पडला होता. त्याच्या वरच्या कोपऱ्यात खाटेएवढा तुकडा तेवढा न भाजलेला होता. त्यावर सागाची पाने रचली होती आणि पानांवर दगड ठेवले होते.

"हे काय?" मी विचारले.

"तेवढं ओलं होतं," काशिनाथ म्हणाला. "पेटलं नाही." यशोदा दुसरीकडे पाहू लागली.

मी दगड उचलून बाजूला ठेवले आणि विस्तव लावायला वाकलो. काशिनाथने मागून माझे मनगट धरून मला पलीकडच्या टोकाला नेले. "दादा, वारा तुझ्या पाठीमागून होता." मग तिथून मी विस्तव लावला. वाऱ्याच्या तोंडाने लावलेला राब वरवर भडकतो, तळाशी भाजत नाही, हे मीच त्याला शिकवले होते. मी विसरलो, असे तो आता सर्वांना सांगतो. मी विसरलो नव्हतो. वारा फिरला होता.

आता ऑस्टिनला परत आलो आहे. घर कुठे, असे इथले लोक विचारतात, तेव्हा मला तो खाटेएवढा चौकोन दिसतो. तुमच्यापैकी ज्यांनी ज्यांनी माझ्याविषयी खोटे पसरवले, त्या सर्वांना वर उत्तर दिले आहे. ओलाव्याची गोष्ट तेवढी राहिली. ती पाने मी माझ्या हाताने बाजूला केली होती आणि खालचा पाला मुठीत घेतला होता. तो कुरकुरीत वाळलेला होता. हे मी काशिनाथला सांगितलेले नाही, आणि तुम्हीही सांगू नका.