आवाज गेलाय, लगेच या!

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याकडे सुटे स्क्रू आणि किस्से आपोआप साठतात. स्क्रू कधीतरी फेकून देतो, किस्से काही फेकवत नाहीत! केडगाव स्टेशनजवळ माझं आणि शशीचं दुकान नवं होतं तेव्हाचे हे. घरोघरी कॉम्प्युटर नुकते येत होते आणि तक्रार एकच: "आवाज येत नाही!"

* * *

दौंडचे रेल्वेतले एक मामा फोनवर तापले होते. "नवीन मशीन हाय, आन् चार दिवस मुकंच!"

"मामा, स्पीकर चालू आहेत ना?"

"कंचे स्पीकर? एवढी टीव्हीएवढी पेटी दिली, आन् तोंड येगळं आणायचं व्हय?"

* * *

भांडगावच्या आप्पांचा आवाज दसऱ्यानंतर गेला. मी ड्रायव्हर टाकला, वायर बदलली, काही नाही. शेवटी बॅटरी मारून स्पीकरच्या पिनेचं भोक पाहिलं, तर आत तांदळाचा दाणा! खंडेनवमीला आप्पांनी ट्रॅक्टरसोबत कॉम्प्युटरही पूजला होता, आणि मागच्या एकूणएक भोकांवर अक्षता वाहिल्या होत्या.

सुईनं दाणा काढला, गाणं घुमलं. आप्पांचा जीव भांड्यात पडला. "फुडल्या वर्षी नुसतं कुकू लावतो."

"आप्पा, तेही पुढच्या बाजूनं!"

* * *

शिरूरला शशीनं एका साहेबांचा कॉम्प्युटर तीन तास उचकला. साहेब अंघोळीला गेले तशी वहिनींनी चहा आणून हळूच सांगितलं, "आवाज मीच बंद केलाय. ह्यांच्या गाड्यांच्या गेमनं डोकं उठलंय. बोलू नका हं!"

साहेब बाहेर आले. शशी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "पार्ट पुण्याहून मागवावा लागेल. महिना तरी लागेल."

* * *

आमच्या गायकवाडबाईंचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्यांनी मला शाळेत शिकवलेलं. मुलगी रूथ मस्कतला नर्स. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं तेव्हापासून तीन वर्षं मायलेकींचं बोलणं बंद. आता रूथला दिवस गेले होते आणि तिचा ईमेल आला होता, 'रविवारी अकराला कॉम्प्युटरवर बोलू.'

चर्चमधून आल्या आल्या बाई हेडफोन लावून बसल्या. साडेअकराला मला बोलावणं! मी गाणं लावून पाहिलं.

"गाणं येतं रे, रूथ येत नाही," बाई म्हणाल्या. डोळे भरलेले.

मी हेडफोन कानाला लावला. पंख्याची घरघर स्पष्ट येत होती. मस्कतचा पंखा येतो, तर रूथ का येऊ नये?

"बाई, तुम्ही काही बोललात का?"

"मी कशाला? तिनं आधी बोलावं. आई कोण, ती का मी?"

मीच माइकमध्ये म्हणालो, "रूथ, मी दिलीप."

"आईचा गुडघा कसाय, विचार," पलीकडून पटकन आलं.

"गुडघा विचारतेय."

"बरा आहे म्हणावं. तिला जेवण जातं का, विचार."

"नाही म्हणते. सगळं उलटून पडतं."

बाईंनी माझ्या कानावरचा हेडफोन ओढून काढला. "तुला काय कळतंय त्यातलं! रूथ, आल्याचा रस घेतलास का?"

मी ओट्यावर येऊन बसलो. इतकं हायसं मला कुठल्याच दुरुस्तीनंतर वाटलं नव्हतं. आत पाऊण तास बोलणं चाललं होतं.

पुढच्या रविवारी सव्वाअकराला बाईंचा फोन. "दिलीप, आवाज पुन्हा गेलाय. लगेच ये."

हत्यारांची पिशवी दुकानातच ठेवून मी निघालो.