पापडांचा कातळ

एप्रिलचा दुसरा रविवार. काम: तांदळाचे पापड. उकड तयार होती, आणि उकड कुणाच्या उद्घाटनासाठी थांबत नाही.

आमच्या शहरामागच्या तीन टेकड्यांवर आता तीन बागा आहेत आणि त्यांना जोडणारी पायवाट. ‘नागरिकांच्या आरोग्यासाठी उभारलेल्या’ असं फलकावर लिहिलंय. खरं म्हणजे हे सगळं पापडांमुळे झालं. पहिल्या टेकडीवरचा सपाट काळा कातळ उन्हात तव्यासारखा तापतो. सासूबाई आणि शेजारणी तिथे पापड वाळत घालायच्या. सावलीला त्यांनी करंज लावले, कावळे हाकलत बसायला दगडांचा ओटा रचला. ओटा बघून फिरायला जाणारे येऊ लागले. माणसं बघून नगरपालिकेने पायऱ्या बांधल्या. मग एका टेकडीवर भागेना.

आता तोच कातळ प्रेक्षणीय ठरवून नगरपालिकेने त्याच्याभोवती कठडा बसवला होता, आणि त्याचं उद्घाटन नेमकं त्याच रविवारी होतं. फीत कापली की फाटकाला कुलूप. बाहेरूनच फोटो काढायचे. आमच्या घरावर पत्रे, अंगण नाही. म्हणजे पापड बंद.

मी आणि थोरल्या जाऊबाई सकाळीच मागच्या वाटेने चढलो. गोणपाटावर बसून लाटत गेलो, जुन्या साड्यांवर पसरत गेलो. पाहुणे येईपर्यंत कातळ भरला.

प्रमुख पाहुण्यांनी फीत कापली, आत पाऊल टाकलं आणि थबकले. ओळीने मांडलेले पांढरे गोल बघून त्यांना वाटलं, डोंगरदेवाचा नैवेद्य. त्यांनी बूट काढले. ते बघून मागच्या सगळ्यांनी काढले. ऊन चढलेलं, कातळ तापलेला. हात जोडून सगळी मंडळी या पायावरून त्या पायावर नाचू लागली.

“हसू नको गं!” जाऊबाई म्हणाल्या, आणि पदरात तोंड खुपसून स्वतःच गदगदू लागल्या.

“फार प्राचीन परंपरा,” पाहुणे उड्या मारत म्हणाले.

जाऊबाईंचं माहेर कडाव गावचं, बोलणं तिकडचं रोखठोक; राहवेना त्यांना. “सायब, देव नाय, पापड हायेत. बूट घाला, पाय भाजतील!”

मंडळींनी घाईघाईने बूट चढवले. मी उठले आणि अर्धवट वाळलेला एक पापड पाहुण्यांच्या हातावर ठेवला. ओल्या पापडाला नको म्हणणारा माणूस आमच्याकडे अजून जन्मायचा आहे. त्यांनी तो खाल्ला. दुसरा मागितला.

“कुलूप लागलं तर हे कुठे वाळणार?” मी विचारलं.

त्यांचं तोंड भरलेलं. त्यांनी शेजारी उभ्या नगरपालिकेच्या माणसाकडून फाटकाची किल्ली घेतली, माझ्या हातात दिली आणि त्याच हाताने तिसरा पापड उचलला. “उन्हाळाभर तुमच्याकडे,” ते गिळून म्हणाले. “पण थोडं तेल आणा.”

परत उतरताना आम्हाला पायरी दिसत नव्हती, इतकं हसू येत होतं. जाऊबाई तर दोनदा मटकन बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटक उघडलं, कातळ झाडला, साड्या अंथरल्या, आणि फिरायला आलेल्या दोन निवृत्त गृहस्थांना ओट्यावर कावळे हाकलायला बसवलं.