देवीपुढची किल्ली

आईने तो कागद माझ्या हातात दिला तेव्हा आप्पा खाली गाडीची काच पुसत होते. डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद, दोन महिन्यांपूर्वीचा, आप्पांच्या सहलींच्या वहीत घडी करून ठेवलेला. इंग्रजीत होता म्हणून आईने माझ्याकडून वाचून घेतला. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्यालाही कडेचं कमी दिसतं. वाहन चालवू नये.

"चालवू नये म्हणजे लांबचं, का अजिबातच?"

"अजिबातच."

आईने कागद होता तसाच घडी करून वहीत घातला. "मी बोलले की भांडण होतंय. तुझं ऐकतात ते. आज परत यायच्या आत किल्ली तू मागून घे. एकदा माझ्या हातात आली की मी बघते."

आप्पा माझं ऐकतात असं घरात सगळ्यांना वाटतं, कारण मी माझ्या वडिलांना कधी काही सांगतच नाही.

खालून हॉर्न वाजला. मी वही आणि पाण्याची बाटली घेऊन जिना उतरले.

आप्पा हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. मी सातवीत असल्यापासून आमच्या या सहली चालू आहेत. रविवारी सकाळी निघायचं, बेळगावपासून तास-दीड तासावरचं एखादं जुनं गाव गाठायचं, पडकं देऊळ, वीरगळ, बारव जे असेल ते बघायचं, आप्पांनी वहीत चित्र काढायचं आणि जेवायला घरी यायचं. हलशीला तर किती वेळा गेलो याची गणती नाही. मी इंग्रजी शाळेत होते. वर्गात तोंड उघडायची मला भीती वाटायची आणि मराठी घरात बोलण्यापुरतंच यायचं. दगडांपुढे बोलावं लागत नसे. वीरगळ खालून वर वाचायचा, हे आप्पांनी शिकवलं. सगळ्यात खाली लढाई, पळवून नेलेल्या गाई आणि त्यांच्यासाठी आडवा गेलेला माणूस. मधे त्याला धरून वर नेणाऱ्या अप्सरा. त्याच्यावर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच माणूस, आणि टोकाला चंद्र-सूर्य.

"घाई करून वरनं बघितलं की नुसता पुजारी दिसतो," आप्पा म्हणायचे. "मेला कशानं, ते खाली असतंय."

त्या आठवड्यात माझ्या कंपनीने मला रविवारी कामाला बोलावलं होतं. बदली सुट्टी मंगळवारी मिळाली. "मग मंगळवारी जाऊ," आप्पा म्हणाले. निपाणीच्या अलीकडे, हायवे सोडून आत गेल्यावर एक गाव आहे. तिथल्या एका वीरगळाचं चित्र तीन वर्षांपूर्वी अर्धं राहिलं होतं, ते त्यांना पुरं करायचं होतं.

उसाचे दिवस होते. हायवेवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर डुलत चालले होते. मी पुढे डावीकडे बसले होते, म्हणजे आप्पांना न दिसणाऱ्या बाजूला. हे काकती मागे पडल्यावर माझ्या लक्षात आलं आणि मग दुसरं काही सुचेना. ट्रॉलीच्या बाहेर आलेले उसाचे शेंडे माझ्या काचेपासून हातभर अंतरावरून जात होते. प्रत्येक वेळी माझा पाय आपोआप खाली दाबला जायचा.

"काय गं, तिथनं ब्रेक मारतीस काय?" आप्पा हसले.

"नाही."

'आप्पा, मी तो कागद वाचला.' एवढंच वाक्य होतं. ते आधी मला इंग्रजीत सुचलं, मग मराठीत. संकेश्वर येईपर्यंत मी ते मनात इतक्या वेळा म्हटलं, की खरोखर बोलून झाल्यासारखा थकवा आला. ते एकदाही तोंडातून बाहेर पडलं नाही.

फाट्यावर गाडी आत वळली. गावाच्या वेशीबाहेर उसाचे रिकामे ट्रॅक्टर एकामागे एक उभे होते. एवढे का थांबलेत, असं मनात आलं. मग वेस दिसली. डावीकडे कट्ट्यावर पटका बांधलेले एक म्हातारे बसले होते. त्यांच्यापासून निम्म्या रस्त्यापर्यंत एक वेळू आडवा बांधला होता आणि त्याला लिंबाचे डहाळे लावले होते. आमची गाडी बघून म्हातारे उठले. त्यांनी हात वर केला.

मी त्यांच्याकडेच बघत होते. वाटलं, आप्पांनाही दिसले असतील, थांबतील. खरं तर त्यांना दिसणार नाही हे मला पक्कं माहीत होतं, सकाळी कागदावर वाचलं होतं. तरी शब्द फुटला नाही. वेळूचं टोक माझ्या बाजूच्या आरशाला घासलं, कडकन आवाज झाला आणि डहाळे चाकाखाली गेले.

"ओ मास्तर! डोळं घरी ठिवून आलासा काय?" मागून कोणीतरी ओरडलं. दोघे-तिघे हसले.

आप्पांनी गाडी थांबवली. बघता बघता माणसं गोळा झाली. पटकेवाले म्हातारे काठी टेकत पुढे आले. त्यांना सगळे तात्या म्हणत होते. चाकाखालचे डहाळे बघून त्यांनी आधी देवळाच्या दिशेने हात जोडले.

गावात लक्ष्मीची यात्रा भरायची होती, बऱ्याच वर्षांनी. तिच्याआधी पाच मंगळवार गाव पाळणूक पाळतं. त्या दिवशी औत धरायचं नाही, विळा लावायचा नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही, आणि दिवेलागणीपर्यंत वेशीच्या आत चाक फिरवायचं नाही. म्हणूनच ते ट्रॅक्टर बाहेर उभे होते. आम्ही नेहमी रविवारी जायचो, त्यामुळे पाळणूक कधी आमच्या वाटेत आली नव्हती.

"तुमीच गेल्या खेपंला पाळणुकीचं समदं वहीत लिवून नेलतासा की," घागर घेतलेली एक बाई म्हणाली. "आन तुमीच मोडलीसा?"

आप्पांचा चेहरा लाल झाला. "वार लक्षात राहिला नाही, चुकलंच. पण वेशीत कोणीच नव्हतं. कोणी अडवलं असतं तर थांबलो नसतो का?"

"मी हुतो की," तात्या म्हणाले. "हात केलता. ह्या पोरीनं बघितलं, माझ्याकडंच बघत हुती."

आप्पा माझ्याकडे वळले. "तू बघितलंस?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

मी आरशाला अडकलेली लिंबाची पानं काढत राहिले.

पंचांनी तिथेच ठरवलं. गाडी आहे तिथेच राहील. देवीला दोन नारळ ठेवायचे, आणि किल्ली दिवेलागणीपर्यंत देवीपुढे. "म्हंजे तुमालाबी घोर न्हाय आन आमालाबी," तात्या म्हणाले. आप्पांनी किल्ली त्यांच्या हातात दिली.

"फाट्यावर बस हाय, मास्तर," एक जण म्हणाला. "बसनं जावा, गाडी उद्या न्या."

मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. मी म्हटलं, "आप्पा, बसने जाऊ या."

"गाडी टाकून जाणार नाही. दिवे लागले की मीच नेतो."

दिवे लागले की म्हणजे अंधार. आधी उसातला अरुंद रस्ता, मग हायवे. सकाळच्या लख्ख उन्हात त्यांना तात्या दिसले नव्हते.

देऊळ काळ्या दगडाचं, मंडपाचं छत निम्मं पडलेलं. आत देवीपुढे पितळेच्या ताटात भंडारा होता आणि त्यावर आमच्या गाडीची किल्ली. गाभाऱ्यात जायला कोणाला मनाई नव्हती. मी तीन वेळा हात जोडून आले. तिन्ही वेळा किल्ली माझ्यापासून वीतभर लांब होती. आईने जी मागून घ्यायला सांगितलं होतं ती नुसती उचलायची होती. पण मग आप्पांना सांगावं लागलं असतं, का उचलली ते.

वीरगळ देवळाच्या मागे चिंचेखाली आहे. आप्पा वही मांडीवर घेऊन दगडासमोर बसले. मी बाजूला बसून त्यांच्याकडे बघत होते, आणि पहिल्यांदाच नीट बघत होते. ते चेहरा थोडा डावीकडे वळवून उजव्या डोळ्याने बघायचे, मग वहीकडे, मग पुन्हा मान वळवायचे. पेन्सिल मधेच थांबायची. खोडायचे. पूर्वी ते खोडत नसत.

दुपारी ती सकाळचीच बाई चुरमुरे, गूळ आणि केळी घेऊन आली. "तवा न्हाय ठिवायचा, न्हायतर भाकरी घातली असती. बारा गावं फिरतासा. आमच्यात येऊन उपाशी ऱ्हायलो म्हनून वहीत लिवू नका, काय?"

आप्पा हसले, पण त्यांनी चुरमुरे खाल्ले नाहीत.

ती गेल्यावर बराच वेळ पेन्सिलचा आवाज आला नाही. मग माझ्याकडे न बघता, अगदी सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "डावीकडे गाई किती आहेत गं?"

मी बघितलं. "तीन. शेवटच्या गाईची शिंगं मोडलीत."

"तोंड कुठं आहे?"

"मागे वळलेलं."

त्यांनी तशा काढल्या. बोलायची वेळ तीच होती. त्यांनी मला जवळजवळ सांगितलंच होतं, आता फक्त मला बोलायचं होतं. मी पाण्याची बाटली पुढे केली. पाणी पिऊन ते वर सरकले, अप्सरांकडे.

ऊन उतरलं. घराघरांतून दिवे लागायला लागले, देवळात हलगी वाजली. वेशीबाहेर एक ट्रॅक्टर सुरू झाला, मग दुसरा, मग सगळे. आम्ही गाडीजवळ येऊन उभे राहिलो. सकाळची बरीचशी माणसं पुन्हा जमली होती.

तात्या ताट घेऊन आले. आप्पांच्या डाव्या अंगाला उभं राहून त्यांनी किल्ली पुढे धरली.

आप्पा समोर गाडीकडे बघत होते. तात्यांचा हात तसाच राहिला. तात्यांनी आप्पांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मास्तर, घ्या की."

आप्पा वळले, पण उजवीकडे. तिथे कोणी नव्हतं. ते पुन्हा समोर बघायला लागले. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

मी हात पुढे केला आणि किल्ली घेतली. भंडारा माझ्या बोटांना लागला.

"आण इकडं," आप्पा म्हणाले.

"आप्पा, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही." माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "म्हणून सकाळी तात्या दिसले नाहीत. गाडी चालवू नका म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलंय. मी वाचलाय तो कागद. गाडी मी चालवणार."

हसणारा माणूस खाली बघायला लागला. तात्या ताट सावरत म्हणाले, "असं हाय व्हय. मग सकाळीच सांगायचं न्हाय, पोरी?"

आप्पा हलले नाहीत. आता ओरडतील, असं मला वाटलं. पण ते फक्त मलाच ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "गावापुढं बोललीस."

"घरी बोलता आलं नसतं मला."

परवाना माझ्याकडे दोन वर्षांपासून होता, पण त्यांच्या गाडीला मी कधी हात लावला नव्हता. क्लच जातो, म्हणायचे. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि तो तसाच घासत, पुढून वळसा घालून ते डावीकडच्या दारापर्यंत गेले. हँडल सापडायला थोडा वेळ लागला. मदतीला कोणी गेलं नाही, हे बरं झालं.

गाडी माझ्याकडून दोनदा बंद पडली. वेशीत तात्यांनी स्वतः वेळू उचलून धरला. आप्पा आता माझ्या डावीकडे होते, म्हणजे त्यांचा चांगला डोळा माझ्या बाजूला होता. ते माझ्याकडे बघत नव्हते, सरळ काचेतून समोर बघत होते.

फाट्यावर उजवीकडून भरलेला ट्रॅक्टर आला.

"थांब," आप्पा म्हणाले.

मी आधीच थांबले होते. दोन्ही ट्रॉल्या करकरत समोरून गेल्या.

"आता सोड. हळू."

बेळगावपर्यंत ते एवढंच बोलले. घरी ते तडक आतल्या खोलीत गेले. आईने दारातच हात पुढे केला. मी म्हटलं, "माझ्याकडेच राहू दे." पुढचे चार दिवस आप्पा माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना मीठ हवं असलं तरी ते आईकडे मागायचे, मीठ माझ्यापुढे असलं तरी.

रविवारी सकाळी त्यांनी गाडी पुसायला किल्ली मागितली. मी खाली जाऊन नुसती दारं उघडून दिली आणि किल्ली घेऊन वर आले. थोड्या वेळाने हॉर्न वाजला. गॅलरीतून बघितलं, तर ते डावीकडच्या सीटवर बसले होते, मांडीवर वही, आणि तिथूनच वाकून, हात लांब करून हॉर्न दाबत होते.