दगडावरून सुटलेले मेसेज

भाचीची सुपारी फुटल्याची बातमी मला नसरापूरच्या आठवडे बाजारात एका गिऱ्हाइकाकडून कळली. बाई मोडीचा पितळी तांब्या घेऊन आल्या होत्या आणि त्याच्या बदल्यात त्यांना स्टीलची कळशी हवी होती. मी तांब्या ठोकून पाहिला, तराजूत टाकला. वजनात काय धरायचं आणि काय सोडायचं हे मनात चाललं होतं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आता नवरीचे मामा झालासा. जरा हात सैल सोडा की."

"कुठली नवरी?"

"ऐका! तुमची भाची. सुपारी फुटली की गेल्या आठवड्यात. म्या सोता वाढायला हुते. तुमी दिसला न्हाई, म्हणलं धंद्यात असतील."

त्या माझ्या बहिणीच्याच वाडीतल्या होत्या. कळशी मी त्यांना त्या मागतील त्या भावात देऊन टाकली. माझ्या धंद्यात असं फार वेळा घडलेलं नाही.

बहीण माझ्यापेक्षा लहान. वेल्ह्याच्या पुढे, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीत तिला दिली आहे. सातवीत शाळा सोडून मी सायकलला भांडी बांधली, गावोगाव हिंडलो, भोरात दुकान टाकलं आणि त्याच कमाईत तिचं लग्न लावलं. आता तिच्या मुलीचं ठरतं, जेवणाच्या पंगती उठतात, आणि सख्ख्या मामाला ते बाजारात तराजू हातात असताना कळतं. आमच्याकडे मांडवात नवरीच्या पाठीशी मामा उभा लागतो. सख्खा नसला तर चुलत उभा करतात, कुणाचं लग्न अडत नाही. हे लग्न पुढच्या आठवड्यावर आलं होतं. टेम्पोतून घरी येताना मी ठरवून टाकलं, यांनी चुलतच शोधावा.

"अहो, आधी विचारा तरी," बायको म्हणाली. म्हणून फोन लावला.

तोवर भोरात घरोघरी मोबाईल झाले होते आणि वेल्ह्याकडच्या डोंगरात ते नुकते चढत होते. दाजींनी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्यानं, त्याच वर्षी एक घेतला होता. वाडीत रेंज नव्हती. खळ्याच्या वरच्या अंगाला एक मोठा दगड आहे, त्यावर चढलं की एखाददुसरी काडी यायची. ते दगडावर असतील आणि आपण लावू असा योग जुळला तरच बोलणं. माझा तो दोन दिवसांनी जुळला.

"दादा, मेसेज केला की तुला," बहीण म्हणाली. "एक न्हाई, चांगले तीन केले."

"मला एक बी न्हाई आला."

"पोरीनं लिवले, ह्यांनी पाठवले. पडद्यावर पाकीट उडताना म्या माज्या डोळ्यांनी बगितलं."

मागून दाजींचा आवाज आला. "यायचं नसंल तर सरळ न्हाई म्हणावं. मशीन कशाला खोटं बोलंल?"

त्यावर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. फोन मीच कापला.

पण राग एकीकडे आणि तो प्रश्न एकीकडे. पुण्याहून माझी भांड्यांची पेटी सुटली आणि भोरला उतरली नाही, तर ती मध्ये कुठेतरी असतेच. कापूरहोळच्या फाट्यावर उतरवलेली असते, नाहीतर कुणाच्या तरी टेम्पोत मागच्या मागे राहिलेली असते. शोधली की सापडते. मेसेज सुटला आणि पोहोचला नाही, तर तो कुठे उतरतो? दाजी खोटं बोलत असतील अशी माझी जवळजवळ खात्री होती. तरीही तीन पाकिटं उडाली आणि एकही बसलं नाही, याचं मला कोडं पडलं.

कापूरहोळला मोबाईल दुरुस्तीचं एक छोटं दुकान होतं. तिथल्या पोरसवदा मालकापुढे मी माझा फोन ठेवला.

"दुसऱ्यांचे मेसेज येतात?" त्यानं विचारलं.

"येतात."

"मग सॉफ्टवेअर मारून बघू."

"आणि नाही आले तर?"

"मग पुन्हा मारू."

"मी भांड्यांचा व्यापारी आहे," मी म्हणालो. "गळती कुठे आहे ते दिसल्याशिवाय मी भांड्याला कथलाचा डाग देत नाही. तू दोनदा डाग द्यायला निघालास."

तो हसला. फोनमध्ये मेसेजची जागा भरली असेल तर नवे बाहेरच थांबतात, असं त्यानं सांगितलं. त्यानं माझे सगळे जुने मेसेज पुसले. बहुतेक कंपनीच्याच जाहिराती होत्या. दिवसभर वाट पाहिली, बाहेर थांबलेलं कुणी आत आलं नाही. म्हणजे गळती माझ्या टोकाला नव्हती. दुसऱ्या दिवशी दुकान बायकोवर सोपवून मी मोटारसायकल काढली आणि थेट वाडी गाठली.

बहिणीनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"ते राहू दे. आधी मोबाईल आण."

"झडती घ्यायला आलासा व्हय, पाव्हणं?" दाजी ओट्यावरूनच म्हणाले.

"व्हय, झडतीच."

"मग घ्या की. आमच्यात काय चोरीचा माल न्हाई."

आम्ही चौघं खळ्यावरून वर चढलो. पुढे भाची, मग मी, मागून बहीण आणि सगळ्यात मागे, आपला याच्याशी काही संबंध नाही अशा चालीनं, दाजी. दगड घासून गुळगुळीत झाला होता. वाडीतली सगळी बोलणी त्यावरूनच व्हायची.

"आता मला पाठव," मी भाचीला म्हणालो. "काहीही लिही."

तिनं लिहिलं. फोन दाजींनी घेतला, कारण पाठवण्याचं बटण त्यांचंच असं त्या घरात ठरलेलं होतं. त्यांनी ते दाबलं, पडद्यावर पाकीट उडालं आणि लगेच त्यांनी लाल बटण दाबून फोन खिशात टाकला.

"हे लाल कशाला दाबलं?"

"न्हाईतर बिल चालू ऱ्हातं की."

"दाजी, तो काय फोन आहे का चालू राहायला?"

"म्या काय कंपनीत कामाला हाय? फोन झाला की लाल दाबायचं, मेसेज झाला की लाल दाबायचं. सवय एक असावी."

मला वाटलं, चोर सापडला. पाकीट निघायच्या आत हे गृहस्थ त्याची वाट बंद करत होते. मी पुन्हा पाठवायला लावलं आणि लाल बटणावर स्वतःचा अंगठा आडवा धरला. पाकीट उडालं. थोडा वेळ काही नाही. मग पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. भाची दहावी झालेली होती, तिनं वाचून सांगितलं, "मामा, न्हाई गेला म्हणतोय."

तीनही वेळा ही ओळ आली असणार आणि तीनही वेळा ती दाजींच्या बंडीच्या खिशात आली असणार. पण ओळ का आली, ते लाल बटणानं सांगितलं नाही.

"रेंज न्हाई," दाजी म्हणाले.

मी माझा फोन काढला. त्याच दगडावरून मी त्यांना मेसेज केला. त्यांचा फोन लगेच वाजला. दाजी दचकले, मग काही झालंच नाही असं दाखवू लागले. म्हणजे रेंज होती.

"मग बॅलन्स संपला असंल."

"ज्या पोराशी तुझं ठरलंय त्याला पाठव," मी भाचीला म्हणालो.

ती लाजली. बहीण म्हणाली, "पाठव की, रोज तर पाठवतीस." तिनं पाठवला. या वेळी मी दाजींना मुद्दाम लाल बटण दाबू दिलं. तरीही मेसेज गेला आणि उत्तरही आलं. उत्तर काय आलं ते तिनं कुणाला दाखवलं नाही.

आता मात्र मला राहवेना. रेंज होती, बॅलन्स होता, लाल बटण निर्दोष सुटलं होतं. जावयाला जातो, मला जात नाही. एकाच दगडावरून, एकाच फोनवरून. माझ्याच वाट्याला असं काय होतं? मी बहिणीकडे पाहिलं. तिनं पाण्याचा तांब्या वरपर्यंत आणला होता, तो मी घेतला आणि उभ्या उभ्या पाणी प्यायलो. ऊन चांगलंच होतं.

"ह्यात माझा नंबर कुणी घातला?"

"म्या," दाजी म्हणाले. "बाकीचे पोरीनं घातले."

"कसे घातलेस?" मी भाचीला विचारलं.

"त्यांचा मिस कॉल आला की तोच ठेवायचा. लिवायचं काम न्हाई."

"आणि माझा?"

"तुमचा कवा मिस कॉल येतो?" दाजी म्हणाले. "तुमी फोन केला की थेट भांडायलाच. म्या भिंतीवर लिवलेला बगून घातला."

भाचीनं तो नंबर उघडून दाखवला. मी तो एकेक आकडा वाचत गेलो. आकडे सगळे बरोबर होते. फक्त सगळ्यांच्या आधी एक शून्य बसलं होतं.

"हे शून्य कुणाचं?"

"शून्य लागतंच की," दाजी शांतपणे म्हणाले. "भोर बाहेरगाव न्हाई व्हय? वेल्ह्यात बूथवर इतकी वर्सं बिल भरलं म्या. वेल्ह्यातल्या मानसाला लावायचं तर शून्य लागत न्हाई. भोरला लावायचं तर आदी शून्य. एकदा इसरलो तर बाई बोलायची त्यातली."

"अहो, तो वायरचा फोन! हा मोबाईल खिशात असतो. मी आत्ता तुमच्या दगडावर उभा हाय. आत्ता मी भोरचा का वेल्ह्याचा?"

दाजींनी खरोखर विचार केला. "मानूस भोरचाच की," ते म्हणाले.

भाचीला हसू आवरेना. बहीण म्हणाली, "पर दादा, ह्याच नंबरावर आमी फोन करतो, तो तर लागतो!"

तीच तर गंमत होती. शून्य लावून फोन लागत होता, म्हणून नंबराबद्दल कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं. त्यांच्या कार्डावर निदान त्या वेळी शून्यासकट मेसेज मात्र जात नव्हता. बोलणं शून्यातून पार व्हायचं आणि लिहिलेलं अडायचं. असं का, ते मला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही. मी विचारलं पुष्कळांना.

भाचीनं शून्य काढलं आणि सुपारीचा तो पहिला मेसेज पुन्हा सोडला. माझ्या खिशात फोन वाजला. इंग्रजी अक्षरांतलं मराठी होतं: मामा, परवा माझी सुपारी आहे, मामीला घेऊन आदल्या दिवशीच या, तुमच्याशिवाय बोलणी कोण करणार.

मी ते दोनदा वाचलं. शेवटचं वाक्य दाजींनी सांगितलेलं नव्हतं, हे उघड होतं.

"आता तरी उबा ऱ्हातोस ना पोरीमागं?" बहिणीनं विचारलं.

"फोन का न्हाई केला? फोन तर लागत होता."

"भाऊबीजेला केलेला आठवतोय? ह्यांच्या एका शब्दावर कापलास. मेसेज कापता येत न्हाई, वाचावाच लागतो. म्हणून मेसेज."

"मग मानूस पाठवायचा. वेल्ह्यावरनं एष्टी येते की भोरला."

दाजी खाली वाडीकडे बघू लागले. मी तो मुद्दा तसाच धरून ठेवला आणि माझा भाव सांगितला. "मी उभा राहतो. पण सुपारी माझ्यासमोर फुटली पाहिजे."

"फुटलेली सुपारी परत फोडायची?" दाजी भडकले. "पोराकडची मंडळी काय म्हणतील? असं कुठं असतं?"

"त्यांना कशाला बोलवता? आपल्यात फोडा."

"पाव्हणं, ह्यो काय बाजार हाय?"

"बाजारात पसंत न्हाई पडलं तर मी उठून जातो. अजून उठलेलो न्हाई."

बहीण खाली गेली आणि अडकित्ता आणि सुपारी घेऊन वर आली. तिनं ती नवऱ्याच्या हातात दिली. दाजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, मग दगडावरच मांडी घातली. मीही समोर बसलो. त्यांनी टोपी सारखी केली आणि आवाज एकदम बदलला. "पोरीचं ठरवायचं म्हणतोय. मामा म्हणून तुमचं काय म्हणणं?"

"पोरगा काय करतो?" मी विचारलं.

"अहो, समदं ठाऊक हाय की तुमाला!"

"मला कुठलं ठाऊक? मला मेसेज आला न्हाई."

मग मी सगळं विचारलं. पोरगा काय करतो, जमीन कुणाच्या नावावर, घरात माणसं किती, आई स्वभावानं कशी, पोरीला पुढे शिकू देणार का. शेवटच्या प्रश्नावर दाजी अडखळले. तो प्रश्न पहिल्या बैठकीत कुणी विचारलाच नव्हता. भाचीनं मान वर केली. मी म्हणालो, हे विचारून घ्या, तोवर सुपारी फुटत नाही. दाजींनी कपाळाला हात लावला, पण फोन भाचीकडे दिला. तिनं मेसेज केला आणि आम्ही चौघं त्या पडद्याकडे पाहत बसून राहिलो.

उत्तर आलं. तिनं वाचून दाखवलं, "व्हय म्हणतोय. आईला विचारून सांगतोय."

"व्हय का विचारून सांगतो? दोनातलं एक."

तिनं पुन्हा लिहिलं. या वेळी नुसतं व्हय आलं. दाजींनी अडकित्ता दाबला आणि अर्धी फोड माझ्या हातावर ठेवली.

लग्नात मी भाचीच्या पाठीशी उभा होतो. तिनं पुढे बारावी केली. एष्टीच्या मुद्द्यावर मात्र दाजींनी मला अजून उत्तर दिलेलं नाही.