कडुनिंबाखालच्या सूर्यकोरी

आज सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला : ग्रहण आहे, गर्भवती महिलांनी खिडक्या बंद ठेवाव्यात. वाचून तोंड कडू झालं आणि मयूर विहारमधली ती दुपार आठवली.

मी दहा वर्षांची होते. आईला आठवा महिना होता. सूर्यग्रहण लागलं तसं बाबांनी तिला हात धरून खाली कडुनिंबाखाली नेलं. जिन्यातून मला दिसलं : पानांच्या फटींतून जमिनीवर, तिच्या साडीवर शेकडो चिमुकल्या सूर्यकोरी थरथरत होत्या.

वरच्या मजल्यावरून शर्माजी ओरडले, “भाईसाहब, बच्चे पर असर पड़ेगा!” हे निवृत्त इंजिनिअर. जन्मभर पूल बांधले आणि चंद्राच्या सावलीला घाबरून पडद्याआड लपले.

“चाँद बीच में आया है, बस,” बाबा म्हणाले.

“ये ना, बघ तरी,” आईने मला हाक मारली. मी गेले नाही. जिन्यात डोळे घट्ट मिटून उभी राहिले.

पुढच्या महिन्यात धडधाकट भाऊ झाला. शर्माजींनी येऊन चार पेढे खाल्ले. मला मात्र त्या दुपारी तेच शहाणे वाटले होते आणि बाबा हट्टी. आज शर्माजींचा तिटकारा येतोच. पण आई बोलावत असताना परक्याच्या शब्दावर डोळे मिटणाऱ्या त्या मुलीचा त्याहून जास्त येतो.