सत्तावीस वर्षांचे पाहुणे

पाहुणा म्हणून कसं जावं हे जगात एकाच माणसाला कळलंय आणि तो माणूस कल्याणजवळ मोहन्याला राहतो, असं माझं ठाम मत आहे. लोक लग्नाला जातात, बारशाला जातात, जेवून परत येतात. त्याला काय पाहुणपण म्हणायचं? आमचे हे गृहस्थ कल्याणच्या एकाच चर्चमध्ये दर रविवारी, सत्तावीस वर्षं, पाहुणे म्हणून आले. त्यांचं खरं नाव उपासना चालवणाऱ्या पाळकबाईंनासुद्धा चटकन आठवायचं नाही. सगळे त्यांना 'पाहुणे' म्हणत. किल्ली पाहुण्यांकडे आहे, पंख्याचं पाहुण्यांना विचारा, पाहुणे आल्याशिवाय घंटा वाजवू नका. ज्याच्याकडे किल्ली असते तो पाहुणा कसा, हा प्रश्न तिथे कुणालाच पडला नव्हता. मलाही पडायला सहा महिने लागले, कारण तेव्हा मी स्वतःच नवी होते.

आम्ही आंबिवलीला फ्लॅट घेतला, नवऱ्याला रविवारी ड्यूटी, म्हणून पहिल्यांदा मी एकटीच गेलेले. मी सोलापूरची. आमचं तिकडचं चर्च अगदी साधं, एकदा बसलं की शेवटच्या आमेनपर्यंत बसायचं. हे कल्याणचं चर्च इंग्रजांच्या वेळचं, दगडी, बिशपांच्या शिस्तीतलं. हातात प्रार्थनेचं जाडजूड पुस्तक आणि त्यात बारीक अक्षरांत सूचना, इथे उभे राहावे, इथे गुडघे टेकावे. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. त्यात पाळकबाई म्हणाल्या, आज कोणी नवीन आले असतील त्यांनी उभं राहावं. मी भीत भीत उठले, तर शेजारी पांढराशुभ्र सदरा घातलेले सत्तरीचे एक गृहस्थही उठले. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! चला, बुडालो तर दोघं बुडू. मी नाव सांगून खाली बसले. त्यांनी मात्र खिशातून कागद काढला, चष्मा लावला आणि नगर जिल्ह्यातल्या त्यांच्या गावच्या मंडळीचा, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांचा, सलाम सांगितला. सलामाबरोबर बातम्याही होत्या. गावात काल भुरभुर पाऊस झाला, शाळेपुढची विहीर उपसली, सरूबाईंचा गुडघा आता बरा आहे आणि त्यांची म्हैस व्याली. मंडळीने टाळ्या वाजवल्या. आम्हा दोघांना एकेक गुलाब मिळाला. त्यांनी तो ज्या सराईतपणे खिशाला लावला, त्यावरूनच मी ओळखायला हवं होतं.

पण अक्कल कुठे गहाण पडली होती कोण जाणे. बिचारे म्हातारे, गावाकडून आलेत, त्यांना काय कळणार, असं म्हणून मी त्यांना पुस्तकातली पानं दाखवायला लागले. सगळी चुकीची. मी म्हणावं, काका, हे पान, की ते निमूट ते पान काढायचे. एका ठिकाणी मी भलत्याच वेळी उभी राहिले. ते माझ्याकडे बघून हसले आणि उभे राहिले. आता झालं असं, की गेली कित्येक वर्षं अख्खं चर्च त्यांच्याकडे बघूनच उठत-बसत होतं. पाहुणे उभे राहिले म्हटल्यावर पुढच्या बाकावरचे उठले, मग मधले, मग गाणारे. पाळकबाई आपल्या गुडघे टेकून प्रार्थना म्हणतायत आणि आम्ही दीडशे माणसं मागे झेंडावंदनासारखी उभी! नंतर चहाच्या वेळी मला सगळा उलगडा झाला, तेव्हा वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. मी त्यांना विचारलं, काका, माझं चुकलं हे कळत होतं, मग तुम्ही का उठलात?

"पाहुण्याला एकटं उभं ठेवायचं नसतं," ते म्हणाले आणि माझ्या बशीत आणखी एक बिस्कीट ठेवलं.

त्या दिवसापासून मी त्यांच्या तावडीत सापडले. तसे नवीन माणसाला ते सोडतच नसत. एकदा एक इलेक्ट्रिशियन पंख्याचा आवाज बघायला आला होता. पाहुण्यांनी त्याला स्टुलावरून खाली उतरवून आपल्या शेजारी उभं केलं, त्याचं गाव विचारलं, गुलाब मिळवून दिला आणि चहा पाजूनच घरी पाठवला. तो आता दर नाताळला बायकोमुलांना घेऊन येतो. पंखा अजून आवाज करतो, पण त्याचं कुणालाच काही नाही. सलामाचंही तसंच. शनिवारी संध्याकाळी गावाला फोन करून ते ताजा सलाम मागवायचे. एकदा फोन लागला नाही, तर रविवारी चेहरा पाडून आले. मी म्हटलं, मागच्या आठवड्याचाच सांगा, कुणाला कळतंय? तर म्हणाले, शिळी भाकरी चालते, शिळा सलाम चालत नाही. आमच्या आंबिवलीच्या घरात सरूबाईंच्या गुडघ्याची इतकी चौकशी व्हायची, की माझा नवरा त्यांना माझी मावशी समजत होता.

हे सगळं खरं, पण सभासद व्हा म्हटलं की स्वारी बिथरायची. रीत अशी, की जुन्या मंडळीकडून पत्र आणायचं. तिथल्या वहीतून नाव कमी होतं आणि इथल्या वहीत चढतं. माझं पत्र सोलापूरहून महिन्याभरात आलं. पाहुण्यांचं मात्र सत्तावीस वर्षं येतच होतं. कधी तिकडच्या पाळकांची बदली झालेली, कधी कपाटाची चावी हरवलेली, एकदा तर म्हणे उंदरांनी लेटरहेड खाल्लं. रेयॉनच्या कंपनीत नोकरीला होते तेव्हापासून हीच कारणं, फक्त उंदीर नवे. कमिटीवर घ्यायचं म्हटलं की हात जोडायचे, मी पाहुणा माणूस. आणि वार्षिक सभेत मत नसलेला हा माणूस मागच्या बाकावर नुसता खाकरला, तरी ठराव बारगळायचा.

मग माझी मुलगी झाली. तिच्या बाप्तिस्म्याला तिची जबाबदारी घेणारा धर्मपिता कोण, याचा मी आणि नवऱ्याने एक मिनिटसुद्धा विचार केला नाही. पाळकबाई म्हणाल्या, माझी हरकत नाही, पण धर्मपिता आपल्या वहीतला लागतो. आता पत्र आणायला सांगा त्यांना. मी चहाच्या वेळी मोठ्या आनंदाने त्यांना सांगितलं. काकांनी कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच टाकून ते निघून गेले. पुढच्या रविवारी ते आलेच नाहीत. किल्ली त्यांच्याकडे. अख्खी मंडळी अर्धा तास उन्हात बाहेर उभी.

दुपारी मी मुलीला घेऊन रिक्षाने मोहन्याला गेले. मला बघताच त्यांनी आधी किल्ली काढून दिली, चुकलेल्या पोरासारखी. मग मुलीला मांडीवर घेतलं आणि तिच्याकडे बघतच बोलले.

"गावच्या वहीत एक पान आहे, पोरी. आई, बापू आणि आमची ही. तिघांच्या नावापुढे लिहिलंय, प्रभूमध्ये निजले. खाली चौथी ओळ माझी. घर पडलं, जमीन भावकीत गेली. गावात माझं म्हणून तेवढी एक ओळ उरलीय. पत्र घेतलं की तिच्यापुढे लिहितील, कल्याणला गेले. आणि मी तर कधी गेलोच नाही."

मला रडूच आलं. मी म्हटलं, काका, राहू दे, आपण दुसरं कुणी बघू. त्यांनी मुलीला माझ्या हातात दिलं. घरी येईपर्यंत मी स्वतःला शिव्या घालत होते.

दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी पाळकबाईंनी नेहमीप्रमाणे नवीन लोकांना उभं राहायला सांगितलं, आणि पाहुणे उठले. हातात बातम्यांचा कागद नव्हता, गावच्या पत्राचा लिफाफा होता. ना पाऊस, ना विहीर, ना गुडघा. ते एवढंच म्हणाले, "आज मी नवीन आलोय." मग ज्या टाळ्या पडल्या! गाणाऱ्यांनी मध्येच गीत सुरू केलं, तेही चुकीचं, आणि त्या दिवशी त्यांना एक सोडून आठ गुलाब मिळाले. बाप्तिस्म्यात माझ्या मुलीने त्यांची मिशी अशी धरली की सोडवायला पाळकबाईंना हात लावावा लागला. नंतर वहीत त्यांचं नाव लिहिलं गेलं आणि त्याच्या खालच्या ओळीत हिचं. त्यांनी चष्मा पुसून दोन्ही ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या.

पुढच्या रविवारी नवीन लोकांना उठायला सांगितलं तेव्हा ते सवयीने अर्धे उठले आणि सदरा नीट करत खाली बसले. मी तिकडे बघितलंच नाही असं दाखवलं.

मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा, मागच्या नाताळात, ते आम्हाला गावाला घेऊन गेले. बुटकं, कौलारू चर्च, वीस-बावीस माणसं, पुढे काठी घेतलेल्या सरूबाई. तिथल्या तरुण पाळकांनी विचारलं, बाहेरगावाहून कोणी पाहुणे आले असतील तर उभे राहा. कल्याणात सत्तावीस वर्षं सगळ्यांच्या आधी उठणारा हा माणूस जागचा हलेना. पाळकांनी पुन्हा विचारलं. मुलीने त्यांची बाही ओढली, काका, आपल्याला बोलावतायत. तेव्हा ते हळूच उठले.

"कल्याणच्या मंडळीचा सलाम घेऊन आलोय," ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसायला लागले. कागद त्यांनी माझ्यापुढे धरला.

मी उठले, मुलीला कडेवर घेतलं आणि त्यांच्या हातातून कागद घेऊन वाचायला लागले. कल्याणला यंदा थंडी बेताची आहे, पंखा अजून आवाज करतो. मी वाचतेय तोवर सरूबाई काठी टेकत उठल्या. त्यांना बघून बाकीचे उठले. उठले म्हणजे गीत असणार, पण कुठलं हे कुणालाच माहीत नव्हतं; तरी सगळे उभे होते.